लक्ष्मी रोड गाड्यांविना: तुमचा अनुभव सांगा

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते. त्या दिवशी लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद असतो. तो कायमचाच चालणाऱ्यांना द्यावा का, यावर मतं भरपूर ऐकली. इथे स्वतः अनुभवलेलं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आईचे गुडघे दुखतात. एरवी तुळशीबागेत जाताना माझा एक हात तिच्या दंडाला आणि लक्ष मागून येणाऱ्या दुचाकींकडे. त्या दिवशी ती रस्त्याच्या मधोमध चालली, चक्क वर बघत. "अगं, या वाड्याचा लाकडी कठडा अजून आहे!" चाळीस वर्षं ती इथे येतेय. मला हा रस्ता रोज असा हवा आहे.

• साडीच्या दुकानात एकवीस वर्षं काम करतोय. आमचं गिऱ्हाईक बस्त्याचं. फलटण-बारामतीकडून पंधरा-वीस माणसं जीप भरून येतात, म्हातारी माणसंही असतात. पादचारी दिनाला रस्ता फुलला होता, पण आमच्या गादीवर एकही बस्ता बसला नाही. शिवाय मालाचे गठ्ठे? हमालाने चौकापासून पाठीवर आणायचे?

• मंडई मेट्रो सुरू झाल्यापासून पिंपरीहून गाडी आणत नाही. स्टेशनातून वर आलं की खरे हाल सुरू होतात. फूटपाथवर पथारी, कडेला पार्किंग, मधे आपण.

• नारायण पेठेत राहतो. गाड्या नाहीशा होत नाहीत हो, आमच्या गल्लीत शिरतात. वडिलांना डायलिसिसला नेताना रिक्षा केळकर रोडला अडकली. ते काही बोलले नाहीत, घड्याळाकडे बघत राहिले. तेव्हापासून मी विरोधात आहे.

• अनंत चतुर्दशीला हाच रस्ता रात्रभर माणसांचा असतो. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिलाय, आता मुलीला दाखवतो. पण ते एका दिवसापुरतं. रोजचं वेगळं, हे वरचं वाचून पटलं.

साडीवाले दादा, माल सकाळी दहाच्या आत उतरवला आणि मंडईच्या वाहनतळापासून बॅटरीवरची गाडी ठेवली, तर?

• माल जमेल. गाडीत म्हातारी माणसं बसवून दाखवा, मालकांशी मी बोलतो.

• आणि डायलिसिसच्या रिक्षाला वाट कुठून?