मे अखेर, सकाळी सहा ते साडेआठ : मुलांना घेऊन बाहेर काय करता येईल?

पायवाट : पुण्यात राहतो. मुलं नऊ आणि बारा वर्षांची. शाळा सुरू व्हायला वेळ आहे आणि साडेआठनंतर ऊन सोसत नाही. त्याआधी उरकेल असं, घराच्या आसपासचं, स्वतःच्या हाताने करायचं काहीतरी सुचवा. क्लास, शिबिर नको.

रानमेवा : बिया गोळा करा. यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. बहाव्याच्या शेंगा काळ्या होऊन खाली पडलेल्या असतात, पळसाच्या चपट्या शेंगा वाऱ्याने गळतात, जांभळंही पडायला लागतात. आत्ता मातीने भरलेल्या, रोपांच्या पिशव्यांत पेरलं की पुढचं पाणी पाऊस घालतो.

सोबत कागदी पाकिटं आणि पेन्सिल घ्या. झाडाचं नाव, जागा, तारीख तिथल्या तिथे लिहायची, घरी आल्यावर काही आठवत नाही. बिया ठेवायला प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात बियांना घाम सुटतो आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. झाडावरची शेंग ओढू नका. हिरवट शेंगेतलं बी कच्चं असतं. रस्त्याकडेची आणि सोसायटीतली झाडं भरपूर होतात. वनखात्याच्या हद्दीतून काही उचलायचं तर आधी परवानगी घ्या.

सोनेरी_झुंबर : +१. सुरुवात बहाव्यापासून करा, मुलांना मजा येते. शेंग दगडाने ठेचली की आत पातळ पडद्यांचे कप्पे दिसतात, प्रत्येकात काळा चिकट गर आणि एकेक चपटं, तपकिरी, चकचकीत बी. गर रेचक आहे, चाटू देऊ नका. बारीक भोक असलेलं बी किडलेलं समजा आणि टाकून द्या.

बहाव्याच्या बीचं साल इतकं टणक की नुसतं पेरलं तर बी महिनोन् महिने तसंच पडून राहतं. म्हणून बी चिमटीत धरून त्याची कड पॉलिश पेपरवर घासायची, आतला फिकट भाग ठिपक्याएवढा दिसला की थांबायचं. निमुळतं टोक घासू नका, कोंब तिथूनच येतो. मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जी फुगून जवळजवळ दुप्पट झालीत ती पेरा. जी होती तशीच आहेत ती घासायला कमी पडलीत, पुन्हा घासा.

अंगणवेल : जांभळाच्या बिया धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत असं का?

सोनेरी_झुंबर : @अंगणवेल ताई, जांभळाचं बी वाळलं की मरतं. बहाव्याच्या अगदी उलट. गर धुवायचा, सावलीत तासभर पाणी निथळू द्यायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. फार तर आठवडाभर ओलसर वाळूत टिकेल. ५×७ इंची पिशवीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. बी बोटाच्या पेराएवढं खोल. पिशवीला खाली भोकं हवीतच, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बी कुजेल. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर घाबरू नका, जांभळात ते होतं. जोमदार एक ठेवा, बाकीचे कात्रीने कापा. उपटलेत तर ठेवलेल्याचीही मुळं हलतात.

मुरूम_माती : बीजगोळे (मातीत बी घालून वळलेले गोळे) करून टेकडीवर टाकले तर सोपं नाही का?

रानमेवा : सोपं आहे, पण मला पटत नाही. उघड्या मुरमावर पडलेला गोळा वळवाच्या एका सरीने ओला होतो, बी फुटतं आणि पुढच्या चार कोरड्या दिवसांत कोंब करपतो. उरलेले मुंग्या नेतात. शिवाय गवताळ माळावर झाडं लावणं म्हणजे तिथल्या चंडोलासारख्या पक्ष्यांची जागा घेणं. पिशवीत रोप वाढवा, हातभर झालं की पुढच्या पावसाळ्यात योग्य जागी खड्ड्यात लावा.

दुर्बीणकर : बिया वेचताना कान उघडे ठेवा. सूर्योदय सहाच्या किंचित आधी आहे, पहिला तासभर सगळ्यात बोलका. पावशा पक्ष्याचं 'पेरते व्हा' चढत चढत जातं आणि एकदम तुटतं. मे संपताना नवरंग पक्षी पश्चिम महाराष्ट्रात यायला लागतो. गर्द झाडीत, जमिनीवरचा पाचोळा उलटवताना दिसतो. दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते.

दुर्बीण घेणार असाल तर नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांची ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) बहुतेकदा बसत नाही. डोळ्यांमधलं अंतर कमी असतं, दोन्ही नळ्या तेवढ्या जवळ येत नाहीत आणि त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतात. दुकानातच त्याच्या डोळ्यांना लावून बघा. ६×३० मिळाली तर उत्तम, हलकीही असते.

अंगणवेल : पक्ष्यांसाठी पाणी ठेवणार असाल तर पसरट मातीचं भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. रोज सकाळी पाणी ओतून आतून घासायचं. नुसती भर घालत राहिलं तर आठवड्याभरात डास.

पायवाट : सगळ्यांचे आभार. पळसाचं बीही घासावं लागतं का?

सोनेरी_झुंबर : नाही. पळसाच्या शेंगेत टोकाशी एकच बी असतं, ते ताजं असतानाच पेरा. मूळ लवकर खोल जातं, म्हणून त्याला उंच पिशवी घ्या.