आधी तुराट्या की आधी पाढे?

दुसरी-तिसरीची बाई (यवतमाळ जिल्हा):
दोनशिक्षकी शाळा आहे माझी, दोन वर्ग एकाच खोलीत. मुलं कशी शिकतात हे सांगणारे पियाजे, वायगॉट्स्की डी.एड.ला परीक्षेपुरते पाठ केले होते. हातच्याची वजाबाकी शिकवताना ते खरे कामी आले. 52 मधून 27. फळ्यावर 'पाचाचे चार, दोनाचे बारा' किती वेळा सांगितलं, तरी पोरं सातातून दोन काढून 35 लिहायची. मग तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, बोटभर तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधले. दुसरीतली एक मुलगी घरी कोलामी बोलते, वर्गात गप्प असते. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर घेऊन ती बराच वेळ बसली. तिसरीतल्या मुलीने एवढंच विचारलं, "सुट्या पुरते का वं?" तिनं एका गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि म्हणाली, "बाई, आता बारा झाल्या." एकट्याला जमत नाही पण थोड्या आधाराने जमतं, तिथंच शिकवावं, हे वायगॉट्स्कीचं म्हणणं मला त्या दिवशी कळलं. म्हणून सांगते, आधी हातात वस्तू, मग फळा, पाढे त्यानंतर.

निवृत्त गुरुजी (अमरावती जिल्हा):
बाई, मुलीचं कौतुक आहे, पण तुमचं शेवटचं वाक्य पटलं नाही. 'सात आठे'ला अडखळणारं पोर भागाकाराची पुढची पायरीच विसरतं. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचा सिद्धांत हेच सांगतो : डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. पाढा तोंडपाठ असला की तेवढी जागा मोकळी राहते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचाराचा, गजर झाला आणि पाढे म्हणणं जुनाट ठरलं, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या पिढीला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, यायची. कापसाचा काटा झाला की व्यापाऱ्याच्या आधी आमचा हिशेब तयार असे.

पाचवीतल्या पोराचा बाप:
गुरुजी बरोबर बोलले. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा पेपर दोन तासाचा, प्रश्न 80. तिथं तुराट्या मोजाले टाइम कोठून आणाव?

वर्धेकर:
हातानं काम करत शिकणं बाहेरून आलं असं कोणी समजू नये. 1937 साली वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि टकळीवर (हातचातीवर) कातलेल्या सुतातून गणित शिकवायचा विचार पुढे आला.

दुसरी-तिसरीची बाई:
गुरुजी, 'त्यानंतर' हा शब्द मागे घेते. परिपाठ झाला की रोज पाढे घेईन. पण काड्या सोडणार नाही. गेल्या वर्षी कापूस वेचणीवरून पंधरा दिवसांनी चार पोरं परत आली. 'हातचा' म्हणजे काय, एकालाही आठवेना. गठ्ठे पुढे ठेवले तर तिघांनी न सांगता सुतळी सोडली.

निवृत्त गुरुजी:
आणि चौथा? त्याला पुन्हा काड्या देऊ नका. पाच उदाहरणं पूर्ण सोडवून द्या, सहाव्यात शेवटची पायरी रिकामी ठेवा, सातव्यात शेवटच्या दोन. आठ दिवसांनी इथंच कळवा.