बुलेटची टाकी आणि मडगार्ड: घरी रंगवावं की पेंटरकडे द्यावं?

घाटवळण
२००३ ची बुलेट स्टँडर्ड ३५०, काळी. मुक्काम चिपळूण. टाकीच्या खालच्या शिवणीपाशी रंगाला फोड आलेत, गुडघ्याच्या रबरी पॅडखाली गंज आहे, मागच्या मडगार्डला एक चेप. डावा टूलबॉक्स कुणीतरी आधीच रंगवलाय, त्याची छटा जुळत नाही. चॅसिसला हात लावायचा नाही. स्प्रे कॅनवर भागेल, कॉम्प्रेसर भाड्याने आणावा, की सरळ पेंटर गाठावा? काळ्याऐवजी मिलिटरी हिरवा करायचं डोक्यात आहे. आणि टाकीवरच्या सोनेरी रेषांचं काय करतात?

पत्रापारखी
रंगाचं नंतर. आधी तो शिवणीजवळचा फोड ब्लेडने उघडून बघा. खाली कोरडा तांबूस भुगा निघाला तर गंज बाहेरून आहे, घासून जाईल. पेट्रोलचा वास आला किंवा बोटाला ओल लागली, तर टाकी आतून सडून बारीक भोक पडलंय. त्यावर कितीही भारी रंग मारा, पेट्रोल त्याला आतून उचलणारच. अशी टाकी आधी टाक्यांचं काम करणाऱ्याकडे द्या. घरी ब्रेझिंग (पितळेची झाळ) करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

पत्रा ठीक असेल तर जुन्या रंगाची परीक्षा. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन टूलबॉक्सवर अर्धा मिनिट दाबून धरा. बोळ्याला रंग लागला किंवा रंग सुरकुतला तर तो ड्युको (थिनर उडून सुकणारा रंग), इनॅमल (ऑइल पेंट) नाहीतर कॅनचा रंग आहे. तो पत्र्यापर्यंत पूर्ण काढा, नाहीतर नवीन रंगातलं थिनर त्याला उचलतं. बोळा स्वच्छ राहिला तर खालचा थर पक्का आहे. तिथे ४०० चा वॉटर पेपर मारून चमक घालवली की पुरे, सगळं खरवडायची गरज नाही.

पेंट रिमूव्हर वापरणार असाल तर उघड्यावर वापरा, पातळ हातमोज्यांतून तो लगेच झिरपतो. शिवणीत मात्र रिमूव्हर घालू नका. तिथे अडकलेला अंश पुढे नवीन रंग सोडवतो. शिवणीला ८० चा पेपर आणि तारेचा ब्रश बरा.

उघडा झालेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. तुमच्याकडच्या हवेत तो रात्रभर तसाच राहिला तर सकाळी परत लालसर दिसेल. प्रायमरआधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा आणि नंतर उघड्या हाताने शिवू नका.

चेप शक्य तितका मागून ठोकून काढा, उरलेल्या खळग्यात पॉलिएस्टर पुट्टी. हार्डनर (पुट्टी घट्ट करणारा घटक) वजनाने साधारण २ टक्के, जास्त घातला तर त्याचा डाग वरच्या रंगातून फुटतो. ही पुट्टी कोरडीच घासा, आधी १२०, मग २२० आणि ३२०. पाणी लावून घासली तर ती पाणी पिते आणि दोन-तीन महिन्यांनी तिथेच फोड येतो. एनसी पुट्टी (थिनर उडून सुकणारी) फक्त ओरखडे आणि टाचणीएवढ्या भोकांसाठी. जाड भरली तर महिनाभर बसत राहते आणि चेप परत दिसायला लागतो. बोटांनी घासू नका, पेपरमागे जुन्या हवाई चपलेचा तुकडा धरा.

ड्युकोवाला
वरचं सगळं घरी होण्यासारखं आहे, आणि कामाचे खरे तास त्यातच जातात. स्प्रे गन चालवायला त्यामानाने फारच थोडा वेळ लागतो. म्हणून घासकाम आणि प्रायमर घरी, शेवटचा रंग पेंटरकडे, अशी वाटणी करा.

साध्या कॅनचं दुखणं पेट्रोल. तो रंग थिनर उडून सुकतो, त्यात हार्डनर नसतो. पेट्रोल भरताना झाकणाशी चार थेंब सांडले की रंग मऊ पडतो आणि फडकं फिरवलं की निघून येतो. मडगार्डला कॅन चालेल, टाकीला नाही. टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, कॅन मिळतात. त्यांच्या बुडातली पिन दाबली की आत हार्डनर मिसळतो, मग डब्यावर लिहिलेल्या तासांत तो संपवावाच लागतो.

भाड्याच्या कॉम्प्रेसरचं सांगायचं तर पंक्चरवाल्याकडचा छोटा पंप कामाचा नाही. मोठी गन हवा मागते, दाब पडला की थेंब जाड होतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. छोट्या कॉम्प्रेसरवर १ मिमी नोझलची टचअप गन घ्या. मोठा असेल तर १.३ ची गन, दाब २ बारच्या आसपास, अंतर १५ ते २० सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पाइपमध्ये वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) हवाच.

टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून उपयोग शून्य. किमान ऑरगॅनिक व्हेपर (थिनरसारख्यांची वाफ अडवणाऱ्या) काडतुसांचा मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे. घराच्या पडवीत, शेजारी पोरं खेळत असताना हे काम करूच नका.

आरसीबुक
हिरव्याबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१: ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांनाच. "सगळे मारतात" हे उत्तर नाक्यावर चालत नाही. दुसरा कुठलाही रंग असला तरी आरसीवर रंगाची नोंद असते. तेव्हा आधी आरटीओत विचारा, नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. काळ्यावर काळाच मारलात तर यातलं काहीच लागत नाही.

घाटवळण
मग काळाच. पेंटरला नेमकं काय सांगायचं? आणि आत्ता पाऊस चालू आहे, थांबू का?

ड्युकोवाला
थांबा. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि काळा रंग दुधाळ दिसतो. बंद बूथ (रंगकामाची खोली) आणि स्लो (सावकाश उडणारं) थिनर असलेला पेंटर पावसातही करून देईल, पण उघड्या शेडमध्ये नको. तोवर पुट्टी आणि प्रायमर उरका.

दर विचारण्याआधी हे विचारा: रंग पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळायचा) की ड्युको? क्लिअर आणि हार्डनर कुठल्या प्रमाणात मिसळता? काही क्लिअर २:१ असतात, काही ४:१. "अंदाजाने टाकतो" असं उत्तर आलं तर दुसरा पेंटर बघा. टाकी, दोन मडगार्ड आणि दोन टूलबॉक्सला बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) अर्धा लिटर आणि हार्डनरसकट क्लिअर अर्ध्या ते पाऊण लिटरात बसतं. डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. मोनोग्राम, झाकण, पेट्रोल कॉक घरीच काढून ठेवा, नाहीतर कडेला मास्किंग टेपची किनार राहते. कॉकचं भोक बुचाने बंद करा, घासल्याची माती टाकीत जाता कामा नये.

सुताची रेघ
साध्या काळ्याला बेस-क्लिअर कशाला? डायरेक्ट ग्लॉस (क्लिअरशिवाय चमकणारा) टू-के काळा मारा. दोन हात, मध्ये १०-१५ मिनिटं, क्लिअरचा खर्च वाचतो. पण काळा सोपा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पत्र्याची प्रत्येक लाट काळ्यात दिसते. प्रायमरवर दुसऱ्या रंगाचा पुसट फवारा मारा आणि ६०० ने घासा. जिथे फवारा उरेल तिथे खळगा आहे.

रेषा कारखान्यात हाताने काढतात, त्यामुळे नेमकी नक्कल स्टिकरने होत नाही. रंग काढण्याआधी टाकीवर ट्रेसिंग पेपर ठेवून जुन्या रेषा उतरवून घ्या, झाकणापासूनची अंतरं लिहून ठेवा. एकदा टाकी घासली की मोजायला काही उरत नाही. डायरेक्ट ग्लॉस पूर्ण वाळल्यावर वरून इनॅमलने लायनिंग करता येतं. हात चुकला तर टर्पेंटाइनने ओली रेघ पुसा, खालच्या टू-के ला काही होत नाही. स्वतः करायचं तर फाइन-लाइन टेपच्या दोन पट्ट्या, मध्ये ३ मिमी फट. टेप रंग ओला असतानाच मागे दुमडून ओढा.

ड्युकोवाला
रेषांसाठी मी क्लिअरच्याच बाजूने. मांड्या सतत घासतात तिथे वरचं इनॅमल झिजतं. फक्त क्लिअरखाली इनॅमल नको, सुरकुततं. सोनेरी बेस कोटनेच रेघ ओढायला सांगा. क्लिअरनंतर एक आठवडा पॅड चिकटवू नका आणि महिनाभर मेण-पॉलिश नको. पॅड बसवताना मागे पाणी साचायला पोकळी राहिली तर गंज पुन्हा तिथूनच सुरू होईल.