मुलीसाठी पोहण्याचा वर्ग निवडायचा आहे: आधी स्पर्धेची तयारी की आधी पाण्याची पुरती ओळख?

मूळ लेख (मुलीची आई)

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी महिनाभराच्या वर्गात तिची पाण्याची भीती मोडली. आता ती फ्रीस्टाइलने दहा-बारा मीटर जाते, मग दम लागला की काठ धरते. पुढचा वर्ग निवडण्यासाठी मी दोन ठिकाणी प्रत्येकी दोनदा, पूर्ण वेळ काठावर बसून शिकवणी पाहिली. दोन्हींमधला फरक इतका मोठा आहे की तो इथे मांडून अनुभवी मंडळींचे मत घ्यावे असे वाटले.

पहिला वर्ग स्पर्धेची तयारी करून घेणारा आहे. आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास, चारही शैली आणि दर महिन्याला वेळेची नोंद. मुले शिस्तीत पोहतात आणि त्यांचे हात पाहत राहावेत असे आहेत. परंतु एका लेनमध्ये दहा मुले होती आणि नव्याने आलेल्या मुलांचा बराच वेळ रांगेत कुडकुडत उभे राहण्यातच गेला. स्पर्धेच्या तलावाचे पाणी नियमानुसार २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवलेले असते. सतत पोहणाऱ्या मोठ्या मुलांना ते योग्य असले, तरी उभ्या असलेल्या लहान मुलाला त्यात लवकर थंडी वाजते, आणि ओठ निळे पडू लागलेले मूल त्या दिवशी काही शिकत नाही.

दुसरा वर्ग आठवड्यातून दोनच दिवस, पाऊण तासाचा आहे आणि एका शिक्षिकेकडे सहा मुले असतात. तिथे मी पाहिलेली एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. शिक्षिकेने मुलांना अंगात सदरा आणि पायजमा घालून खोल बाजूला उतरवले. एक मुलगा पाण्याखाली गेला, वर आला, कपड्यांच्या ओझ्याने क्षणभर गडबडला, मग उताणा झाला, कान पाण्यात बुडू दिले आणि शांत तरंगत राहिला. शिक्षिका एक ते साठ आकडे मोजत होत्या. साठ झाल्यावर तो पालथा झाला, काठ कोणत्या बाजूला आहे ते वळून पाहिले, तिथवर गेला आणि शिडी न वापरता कोपरांच्या जोरावर बाहेर आला.

माझे मत असे झाले आहे की किमान एक वर्ष मुलीला दुसऱ्याच वर्गात घालावे. घरच्यांचे म्हणणे आहे की आठव्या वर्षी सुरुवात केली नाही, तर पुढे स्पर्धेत ती मागे पडेल. हे म्हणणे कितपत खरे आहे?

पहिला प्रतिसाद (पंधरा वर्षे मुलांना शिकवणारा प्रशिक्षक)

ताई, आपण काठावर बसून दोन-दोन वेळा पाहिलेत हे फार चांगले केलेत, परंतु आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

आठवड्यातून दोन दिवस, तेही पाऊण-पाऊण तास, एवढ्यात शरीराला पाण्याची सवय होत नाही. तळहाताने पाणी नेमके कसे पकडायचे, डोके किती बुडवायचे, श्वास घेताना मान उचलायची नसून अंगाबरोबर एका कुशीवर वळायचे, हे सांगून कळत नाही; ते वारंवार करून अंगवळणी पडते. दहा मीटरनंतर आपली मुलगी थांबते, त्याचे कारण बहुधा ताकद कमी पडते हे नसावे. लहान मुले पाण्यात श्वास सोडत नाहीत, तोंड वर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचा असे दोन्ही एकदम करू पाहतात आणि गुदमरतात. त्यातच मान उचलली की पाय खाली जातात आणि सगळे अंग ओढत न्यावे लागते. ही चूक सहा महिने तशीच राहिली, तर पुढे ती मोडायला दीड वर्ष जाते, हे मी स्वतः अनेक मुलांच्या बाबतीत अनुभवले आहे.

आणि सुरक्षा म्हणाल, तर ज्याचे अंग पाण्यावर आडवे राहते आणि श्वास लयीत चालतो, तो लवकर थकत नाही. उत्तम शैली हीदेखील सुरक्षाच आहे. लेनमध्ये दहा नवशिकी मुले असणे मात्र चूक आहे, त्याचे मी समर्थन करणार नाही.

दुसरा प्रतिसाद (पूर्वी स्पर्धेत पोहणारा, आता दोन मुलांचा बाप)

मी नवव्या वर्षी स्पर्धेच्या गटात गेलो आणि सोळाव्या वर्षी खांदा धरून बाहेर पडलो, म्हणून प्रशिक्षक महोदयांना विरोध करण्याचे धाडस करतो.

साधा हिशेब करून पाहा. २५ मीटरला लहान मुलाचे सुमारे वीस हात होतात असे धरले, तर दोन किलोमीटरच्या सरावात ते सोळाशे होतात. आठवड्यातून पाच दिवस म्हणजे आठ हजार हात, आणि प्रत्येक खांदा सुमारे चार हजार वेळा त्याच दिशेने फिरतो. वाढत्या वयात थकलेल्या खांद्यावर ही पुनरावृत्ती लादली की दुखणे हळूहळू घर करते. मला ते चौदाव्या वर्षी जाणवू लागले होते. सांगितले तेव्हा उत्तर मिळाले की सगळ्यांचेच दुखते.

त्याहून गंभीर गोष्ट श्वासाची आहे. आमच्याकडून पाण्याखालून श्वास रोखून जाण्याच्या शर्यती करून घेत आणि त्याआधी जोरजोरात भराभर श्वास घ्यायला सांगत. श्वास घेण्याची निकड मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याने जाणवते. भराभर श्वसनाने तो वायू बाहेर टाकला जातो, परंतु ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. परिणामी, गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच मूल पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकते, आणि तेही कसलीही धडपड न करता, त्यामुळे काठावरच्या माणसाला काही घडल्याचे कळतही नाही. कोणत्याही वर्गात मुलाला घालण्याआधी, अशा शर्यती लावता का, हे थेट विचारा. उत्तर होय आले किंवा टाळाटाळीचे आले, तर तिथून परत फिरा.

मागे पडण्याची भीती मनातून काढून टाका. आठव्या वर्षीच्या वेळेच्या नोंदीत मुलाची उंची आणि अंगाची वाढच अधिक दिसते. त्यावरून सोळाव्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.

प्रशिक्षकांचे उत्तर

श्वास रोखण्याच्या शर्यतींबाबत आपले शब्दन् शब्द मान्य. मी त्या कधीच घेत नाही आणि घेणाऱ्याकडे माझे मूलही पाठवणार नाही.

परंतु आपण सांगितलेला दोष वाईट प्रशिक्षणाचा आहे, स्पर्धेचा नव्हे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांकडून दोन किलोमीटर पोहून घेणारा प्रशिक्षक मुळात चुकतो आहे. या वयात फक्त पायांचा सराव, एका हाताने पोहणे, कुशीवर तरंगत सरकणे अशा छोट्या तुकड्यांवर भर हवा, आणि अंतर हळूहळू वाढत जायला हवे. आपल्या वेदनेचा मला आदर आहे, तरीही तिच्यावरून सगळ्या स्पर्धा-वर्गांना एकाच मापाने मोजू नये.

तिसरा प्रतिसाद (दमा असलेल्या मुलाची आई)

एक छोटी, पण महत्त्वाची गोष्ट. बंदिस्त तलावात शिरताच नाकाडोळ्यांना झोंबणारा वास आला, तर पाणी खूप स्वच्छ आहे असे समजू नका. क्लोरीनचा घाम आणि लघवीतील घटकांशी संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात, आणि तो वास मुख्यतः त्यांचा असतो. माझ्या मुलाला अशा हवेत अर्ध्या तासात खोकल्याची उबळ येत असे. तलाव बदलल्यावर ती थांबली. पाण्यात उतरण्याआधी सर्वांना अंघोळ करायला लावणारा आणि खेळती हवा असलेला तलाव निवडा. आपण ज्या दोन ठिकाणी गेलात, तिथल्या हवेबद्दल काही लिहिले नाहीत.

चौथा प्रतिसाद (एक वडील)

माझा विरोध दोन्ही बाजूंना आहे. आपण सगळे शिक्षकाबद्दल बोलत आहोत, पण पाण्याकडे लक्ष कोणाचे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना श्वास घेणेच कठीण असते, तिथे हाक कुठून मारणार? हात वर करून हलवतही नाही, कारण ते हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. एका मुलाचे कोपर सरळ करणाऱ्या शिक्षिकेला पाठीमागे काय चालले आहे हे दिसू शकत नाही. म्हणून शिकवण्याचे कोणतेही काम नसलेला, केवळ पाण्यावर नजर ठेवणारा जीवरक्षक काठावर आहे का, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. शिकवणी उत्तम असली, तरी त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरे असे की कपड्यांसह साठ आकडे तरंगलेले मूल पाहून आईबापांना जो निर्धास्तपणा येतो, त्याची मला भीती वाटते. तलावाचे पाणी स्थिर असते, तळ दिसतो, काठ चारही बाजूंना असतो. नदीत प्रवाह ओढतो, अचानक थंड पाण्यात पडले की आपोआप धाप लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असू शकते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली वयाच्या पहिल्या वर्षानंतर पोहण्याचे शिक्षण सुरू करण्यास अनुकूल मत दिले. परंतु त्यासोबतच सतत देखरेख, कुंपण अशा इतर उपायांचीही गरज असल्याचे स्पष्ट केले, कारण शिकलेले मूलही बुडू शकते. आपण ज्या वर्गाकडे झुकला आहात, तिथे ही गोष्ट पालकांना सांगतात का?

मूळ लेखिकेचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही ठिकाणी पुन्हा जाऊन आले आणि तुम्ही सुचवलेले प्रश्न विचारले.

तिसऱ्या प्रतिसादातल्या ताईंना सांगते, दोन्ही तलाव उघड्यावर आहेत, त्यामुळे हवेची अडचण नाही. जीवरक्षकाबाबत मात्र धक्का बसला. ज्या दुसऱ्या वर्गावर माझा जीव जडला होता, तिथे स्वतंत्र जीवरक्षक सकाळच्या वेळेलाच असतो, संध्याकाळी नसतो. मी दोन्ही वेळा सकाळीच गेले होते, म्हणून हे लक्षात आले नव्हते. स्पर्धेच्या वर्गात दोन्ही वेळा जीवरक्षक असतो आणि श्वास रोखण्याच्या शर्यती तिथे घेत नाहीत, हे तिथल्या मुख्य प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्याविषयी माझे मत त्यामुळे बरेच बदलले. तरीही लेनमधली संख्या कमी करता येणार नाही, असेच त्यांचे उत्तर होते.

मी दुसऱ्या वर्गाची सकाळची वेळ घेतली आहे. खोल पाण्यात उडी, एक मिनिट तरंगणे, वळून काठ शोधणे, न थांबता २५ मीटर आणि आधाराविना बाहेर येणे, हे सगळे तिला सलग जमले की स्पर्धेच्या वर्गाचा विचार करू. प्रशिक्षक महोदयांनी श्वासाबद्दल लिहिलेले वाचून मी काल तिला उथळ पाण्यात काठ धरून तोंड बुडवायला आणि बुडबुडे सोडायला सांगितले. ती खरोखरच श्वास धरून ठेवत होती.

प्रशिक्षक

मग ही दुरुस्ती पहिल्याच दिवशी शिक्षिकेच्या कानावर घाला, वर्षभर थांबू नका. आठवड्यात आणखी एक दिवस तुम्ही स्वतः पाण्यात उतरून तिच्यासोबत वीस मिनिटे घालवू शकलात, तर दोन दिवसांच्या वर्गाबद्दलचा माझा आक्षेप बराच कमी होईल. वर्षभर स्पर्धेच्या गटापासून दूर ठेवणे मला अजूनही लांबलचक वाटते. सहा महिन्यांनी तिला एकदा त्या प्रशिक्षकांना दाखवावे, असे माझे मत आहे.

मूळ लेखिका

सहा महिन्यांनी दाखवायला नेईन. पाण्यात उतरण्याचे मात्र कठीण आहे, कारण मला स्वतःला पोहता येत नाही. त्याच वर्गात मोठ्यांसाठी सकाळची तुकडी आहे, तिथे काल माझेही नाव नोंदवले.