मदत हवी आहे : टाकीभर पाण्यात घराच्या भिंती मशीननं धुऊन होतील का?

राजेहो, आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. दिवाळीआधी घराला बाहेरून रंग मारायचाय, पण उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ वाळून काळं पडलंय, नखानं खरवडलं तरी निघत नाही. पेंटर म्हणतो प्रेशर वॉशरनं (जोरात पाण्याचा फवारा मारणारी मशीन) धुवा. मशीन भाड्यानं मिळते, पण मिनिटाला सहा-सात लिटर पाणी ओढते. नळ आठवड्यातून एकदा, टाकी ५०० लिटरची. म्हणजे सव्वा तासात खडखडाट! बोअरचं पाणी खारट. त्यानं धुतलं तर भिंतीला पांढरं फुटेल, ते नकोच. आधी ब्लिचिंग पावडरचं पाणी लावून ब्रशनं घासलं अन् मशीनचा फक्त शेवटचा हात दिला, तर भागेल का? ड्रममधून पाणी ओढायला फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या तोंडाची, पाणी मागं जाऊ न देणारी झडप) लागतो, की ड्रम ओट्यावर ठेवला तरी चालते? कोणी केलं असेल तर सांगा जी.