चारशे हॉर्सपॉवर आणि डावा पाय

भाऊ, चारशे हॉर्सपॉवरच्या गाडीवर थेट मॅन्युअल गिअर शिकता येतं का, असं विचारलंय. येतं. ताकदीची गाडी कमी बंद पडते. त्रास देतो तो जड क्लच.

पहिले दोन दिवस अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू नका. सपाट मोकळ्या जागेत पहिला गिअर टाका, टाच जमिनीवर टेकवा आणि क्लच इतका हळू सोडा की गाडी आपसूक सरकेल. बोनेट किंचित उचललं, आवाज जड झाला की क्लच पकडला. पाय तिथेच क्षणभर थांबवा. वीस-पंचवीस वेळा केलं की पायाला ती जागा कळते. मग अ‍ॅक्सिलरेटर द्या, पण १२०० ते १५०० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) पुरे. ३००० वर नेऊन हाफ क्लच धरला, म्हणजे क्लच अर्धवटच दाबून ठेवला, की क्लचची प्लेट जळते. जळका वास आला तर गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. मे महिन्यात जळगावात तर जास्तच.

खरा धोका गिअर बदलताना. तिसऱ्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर चाकंच इंजिन फिरवतात, इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, इंजिनचे व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून दांडा मुठीत आवळू नका, तळव्याने ढकला.

कन्नड घाटासारखा चढ नंतर. चढावर हँडब्रेक लावायचा आणि क्लच पकडल्यावरच तो सोडायचा. आणि पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर आणलेली असते, तिथे दुसऱ्या गिअरमध्येही चाकं घसरतात.