२६ व्या वर्षी थायरॉइडचा कॅन्सर, मानेच्या गाठींत पसरलेला, तरी ‘स्टेज १’ कसं?

अमळनेरकर
लहान बहीण, वय २६. पूर्ण थायरॉइड आणि मानेच्या गाठी काढल्या. रिपोर्ट: पॅपिलरी कार्सिनोमा, क्लासिक प्रकार, २.८ सेंमी, ३१ पैकी ८ लिम्फ नोड (म्हणजे मानेच्या त्या गाठी) बाधित, सर्वांत मोठा १.९ सेंमी, टी२ (थायरॉइडमधल्या गाठीचा आकार), एन१बी (मानेच्या नोडमध्ये पसरलेला), एम० (लांबच्या अवयवांत नाही). डॉक्टर म्हणाले, स्टेज १. घरात कुणाला ते पटत नाही. मानेत पसरलं म्हणजे तिसरी-चौथी स्टेज, डॉक्टर नुसता धीर देताहेत, असं नातेवाईक म्हणतात. स्टेज १ आहे तर मुंबईला किरणोत्सारी आयोडीनच्या डोससाठी का पाठवतात? पुढे मुलंबाळं होतील ना?

स्लाइडवाला, जळगाव
भाऊ, डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरमध्ये स्टेज वयावर ठरते. निदानाच्या वेळी वय ५५ च्या आत असेल तर दोनच स्टेज असतात. फुफ्फुस, हाडं अशा लांबच्या अवयवांत पसरलेला नसेल तर १, असेल तर २. गाठ केवढी आणि मानेतले नोड किती, याने त्यात फरक पडत नाही. तिसरी-चौथी स्टेज या वयाला लागूच नाही. हाच रिपोर्ट ६० वर्षांच्या माणसाचा असता तर नोडमुळे स्टेज २ झाली असती. स्टेज ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीचा हा नियम आहे. आधी वयाची रेषा ४५ ला होती, म्हणून जुन्या लेखांतले तक्ते जुळत नाहीत.

तरुण वयात कॅन्सरच्या पेशी बहुधा आयोडीन चांगलं ओढून घेतात आणि मानेतले नोड जिवावर क्वचितच बेततात. त्या आवृत्तीनुसार या वयात स्टेज १ मध्ये दहा वर्षांत या आजाराने न दगावणारे ९८ ते १०० टक्के, स्टेज २ मध्येही ८५ ते ९५.

थायरॉइड कॅन्सरच्या मेड्युलरी प्रकाराला हे लागू नाही, तिथे वय धरतच नाहीत. ॲनाप्लास्टिक प्रकार तर कोणत्याही वयात स्टेज ४ च. त्यामुळे रिपोर्टात आधी प्रकार बघा.

गळ्याचं काम, धुळे
वर लिहिलंय ते जिवाच्या धोक्याबद्दल. आजार उलटण्याचा धोका वेगळा मोजतात, आणि आयोडीन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं. घरच्यांना हा फरक आधी समजावा, निम्मी घालमेल तिथेच थांबेल.

पाचपेक्षा जास्त नोड बाधित, पण सगळे ३ सेंमीच्या आत, म्हणजे बहिणीचा गट साधारण ‘मध्यम’. या गटात आजार पुन्हा दिसण्याची शक्यता ढोबळमानाने ५ ते २० टक्के, आणि दिसला तरी बहुतेकदा मानेतच, जिथे पुन्हा शस्त्रक्रिया करता येते. रिपोर्टात आणखी तीन गोष्टी शोधा: नोडच्या आवरणाबाहेर पसरलाय का, रक्तवाहिन्यांत शिरलाय का, कडा मोकळ्या आहेत का. ‘टॉल सेल’ किंवा ‘हॉबनेल’ (पॅपिलरीचेच जास्त आक्रमक प्रकार) असा शब्द असता तर हिशेब बदलला असता.

आयोडीननंतरच्या स्कॅनकडे लक्ष ठेवा. सीटीत न दिसलेले फुफ्फुसातले बारीक ठिपके त्यात कधी कधी उमटतात आणि स्टेज २ होते. तसं झालं तरी या वयात ते ठिपके बऱ्याचदा आयोडीनलाच दाद देतात.

पुढची वर्षं रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशींतून येणारं प्रथिन, ते वाढलं तर आजार उलटल्याची शंका) आणि त्याच्या अँटीबॉडी दोन्ही एकत्र तपासा, दरवेळी एकाच लॅबमध्ये. अँटीबॉडी असतील तर थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दिसतं. केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद, त्यानेही आकडे बिघडतात.

भुसावळ-दादर
आयोडीनच्या तयारीत घोळ होतो तो मिठात. डोसआधी १ ते २ आठवडे आयोडीनयुक्त मीठ, दूध-दही, अंडी, मासे, सोयाबीन बंद. पाकिटावर ‘आयोडीनविरहित’ लिहिलेलंच मीठ घ्या. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ घरच्या या मिठात चालते. पण उन्हाळ्यात करून ठेवलेले बिबडे, पापड, लोणचं आणि बाहेरची शेव नाही, कारण ती नेहमीच्या मिठातली असते. रंगद्रव्य देऊन सीटी झाला असेल तर तारीख आवर्जून सांगा, त्या औषधात भरपूर आयोडीन असतं आणि डोस काही आठवडे पुढे ढकलावा लागतो.

३० मिलिक्युरीपेक्षा (किरणोत्साराचं माप) जास्त डोस असेल तर वेगळ्या खोलीत दाखल करतात. सुटी मिळताच गर्दीच्या डब्यातून परत निघू नका. प्रवास कधी करायचा आणि घरी लेकरं, गरोदर बाई यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं, हे न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

अमळनेरकर
मनापासून आभार. सध्या ओठांभोवती मुंग्या येतात म्हणते, कॅल्शियम चालू आहे. थायरॉइडची गोळी सुरू झाली की दोन्ही सोबत चालतील का?

गळ्याचं काम, धुळे
मुंग्या म्हणजे कॅल्शियम उतरल्याची खूण. आजच सर्जनला फोन करा आणि रक्तातलं कॅल्शियम तपासा. बोटं आखडत असतील तर थेट दवाखान्यात. गोळ्या सोबत नकोत: थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी.

मुलांचं विचारलंत. आयोडीनआधी गर्भ नाही याची चाचणी होते, आणि नंतर किमान ६ महिने गर्भधारणा टाळायची. त्यानंतर अडचण नाही. दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यायची, कारण थायरॉक्सिनचा डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो.